तिसऱ्या मजल्यावरील खाऱ्या पाण्याच्या टाकीबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४९ वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणे, राहणार बाजारामागील इमारत, तिसरा मजला, जिन्यासमोरचे घर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. मूलबाळ नाही. पती बांधकामांवर उंच क्रेन चालवत असत. गेल्या वर्षी क्रेनच्या शिडीवरून उतरताना ते पडले. कमरेखाली हालचाल नाही. हात चांगले आहेत. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत पलंगावर असतात. मी सकाळी त्यांचे सर्व आवरून कामावर जाते, दुपारी जेवायला घरी येते व पुन्हा जाते.

पडण्यापूर्वी पती बोलके होते. इमारतीत कोणालाही विचारावे. पडल्यानंतर त्यांनी भेटायला येणाऱ्यांना आत घेऊ नको असे सांगितले. "बघायला यायला मी काय प्रदर्शन आहे?" असे त्यांचे शब्द होते. त्यामुळे मी सगळ्यांना दारातूनच परत पाठवू लागले. खालच्या मजल्यावरच्या काकू गरम जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. मी डबा आत घेतला, काकूंना घेतले नाही. त्यांना राग आला असल्यास तो रास्त आहे.

पतीला तपासणीसाठी दवाखान्यात नेले असता तिथे बाहेर बसायच्या जागी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी होती. त्यात मासे व प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे अंगठीतले पोवळे नव्हे, जिवंत असते, फुलासारखे उघडते व मिटते. आमचा नंबर पुकारल्यावर मी चाकाची खुर्ची ढकलू लागले, तेव्हा पती "थांब जरा" म्हणाले. त्या आठवड्यात "पाणी" आणि "दिवा बंद कर" याशिवाय ते माझ्याशी बोलले ते एवढेच.

आत डॉक्टर म्हणाले की पेशंट सारखा उजव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून राहतो, त्याने पाठीला व कमरेला जखमा होतील. डाव्या कुशीवरही वळले पाहिजे, आधाराशिवाय बसायचा सराव केला पाहिजे. "हातात, खांद्यात ताकद आहे. बसता येईल. पण त्यांनी मनावर घ्यायला हवं," असे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. पती खिडकीकडे बघत होते.

बाजाराच्या टोकाला रंगीत माशांचे दुकान आहे. मालकाला सर्व जण मासेवाला म्हणतात. मी तिथे जाऊन चौकशी केली. मासेवाला म्हणाला, "ताई, गोड्या पाण्यातले दोन सोनमासे न्या आणि सुखी राहा. खाऱ्या पाण्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत." मी दवाखान्यातल्यासारखीच टाकी हवी असे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मग लहान करा, साधी करा. मोठमोठ्या यंत्रांच्या नादी लागलात तर माशांआधी तुम्हीच पाण्यात जाल."

त्याच्याकडून मी दोन फुटांची टाकी, पाणी कोमट ठेवणारी कांडी, पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप, निळसर दिवा, वाळू, भोकाभोकांचे समुद्रातले दगड आणि बादलीभर मीठ आणले. हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे. समुद्राच्या पाण्यात जे जे असते ते सगळे त्यात असते. दिसायला पांढरी पूड दिसते. त्याबद्दल पुढे सांगते.

टाकी मी पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवली. मुद्दाम ठेवली. डाव्या बाजूला का, हे पतीला सांगितले नव्हते. आता जबाबात आल्यामुळे त्यांना कळेल. कळू दे.

मी टाकीत पाणी ओतू लागले तेव्हा पती नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून होते. मागे न बघता म्हणाले, "वजन बघितलंस का?"

मी म्हटले, "कशाचं?"

"पाण्याचं. अगं, पाणी म्हणजे काय कापूस आहे? टेबल लोखंडी आहे की लाकडी? भिंतीला लावलंयस ना? का मधेच ठेवलंयस?"

मी म्हटले, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा."

त्यांनी मान वळवली. खांदा वळवला नाही, पण मान वळवली. टेबलाचा एक पाय हलतो आहे, खाली पत्रा सार, असे सांगितले. मी पत्रा सारला.

पाणी कसे करायचे ते असे. गाळलेल्या गोड्या पाण्यात मीठ घालून ढवळायचे. मग एका नळकांड्याच्या काचेवर थेंबभर पाणी ठेवून ते डोळ्याला लावायचे व उजेडाकडे बघायचे. आत रेघ दिसते, तीवरून पाणी किती खारट आहे ते कळते. काल घराच्या झडतीत दुर्बीण म्हणून जप्त केलेली वस्तू ती हीच. बघायचे काम पतीने स्वतः मागून घेतले. काचांच्या कामात माझे आयुष्य गेले, तरी माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

टाकी लावल्यावर काही आठवडे मासा सोडता येत नाही. आधी दगडांत व वाळूत डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढावे लागतात. ते पाण्यातली घाण खातात. ते नसतील तर मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. मासेवाला म्हणाला, "खारं पाणी म्हणजे नवी सून. रुळायला वेळ द्यायचा. रोज उठून टोमणे मारायचे नाहीत." पाणी रुळले की नाही हे बघायला बारीक काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात व रंग बघतात. हे काम मी खिडकीत उभी राहून करत असे, कारण रंग उन्हात नीट दिसतो. खिडकी रस्त्यावरून दिसते.

म्हणजे त्या काळात आमच्या घरात निळा दिवा, दगड आणि पाणी एवढेच होते. मी पतीला विचारले, "कंटाळा येतो का?" ते म्हणाले, "भिंतीपेक्षा बरं आहे."

एके दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा पती डाव्या कुशीवर होते. पुरते वळलेले होते. घरात दुसरे कोणी नव्हते. मला बघून म्हणाले, "दगडात कोणीतरी आहे."

मी चपला न काढता तशीच उभी राहिले. त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असे मला वाटले.

ते म्हणाले, "अशी बघतेस काय भूत बघितल्यासारखी? खाली वाक. त्या वरच्या भोकात बघ. हात बाहेर काढतोय."

मी वाकून बघितले. भोकातून दोऱ्याएवढा एक हात बाहेर येत होता, चाचपत होता व पुन्हा आत जात होता. मग दुसरा आला. मासेवाल्याला नंतर विचारले असता तो तारामाशाच्या जातीतला जीव असून दगडातून आपोआप आला आहे असे त्याने सांगितले. आम्ही दोघे बघत राहिलो. जेवण राहिले. दुकानात मी उशिरा पोहोचले. मालक बोलले. मी ऐकून घेतले.

पुढे पाणी रुळल्यावर आधी गोगलगायी, मग नारिंगी माशांची जोडी व शेवटी मऊ प्रवाळाचे दोन तुकडे आणले. तुकडे दगडावर चिकटवले. माशांना नावे ठेवलेली नाहीत, परंतु मोठा मासा सगळ्यांवर ओरडत असल्यासारखा फिरतो म्हणून पती त्याला मुकादम म्हणतात. टाकीतले पाणी उन्हाळ्यात उडते, मीठ मात्र मागे राहते, त्यामुळे रोज थोडे गोडे पाणी घालून ते काचेवरच्या खुणेपर्यंत आणावे लागते. टाकी पलंगापासून हातभर अंतरावर असल्याने हे काम पती करतात. त्यासाठी त्यांच्या उशाशी गोड्या पाण्याने भरलेला प्लास्टिकचा पेला असतो.

घराचे दार कायम बंद, पडद्यावर दिवसभर निळा उजेड, खिडकीत रंगीत पाण्याच्या नळ्या घेऊन उभी असलेली मी, आणि जिन्यावरून वर जाणाऱ्या पांढऱ्या पुडीच्या बादल्या, हे सर्व खालच्या काकूंनी बघितले. त्यांनी पोलिसांना कळवले. त्यांच्या जागी मी असते तर मीही कळवले असते. मी तर बहुधा आधीच कळवले असते. माझी काकूंविरुद्ध तक्रार नाही.

काल दुपारी मी जेवून निघत असताना एक साहेब व एक हवालदार घरी आले. मी त्यांना आत घेतले. पतीने तोंडावर चादर ओढली.

हवालदारांनी बादली उघडून पूड बोटावर घेतली व जिभेवर ठेवली. साहेब म्हणाले, "अहो, असं चाखतात का? काही भलतंच असतं तर?" हवालदार म्हणाले, "मीठ आहे, साहेब." मी दार उघडल्यापासून तेच सांगत होते. तरीही बादली, नळ्या, औषधाच्या बाटल्या व नळकांडे ताब्यात घेण्यात आले. त्याबद्दल माझे म्हणणे नाही, फक्त नळकांडे लवकर परत मिळावे.

त्यानंतर हवालदार टाकीच्या पलीकडच्या टोकाला गेले. दगडाखाली काही लपवले आहे का बघतो असे म्हणून त्यांनी बाही वर केली. त्यांची मान आखडली असावी, कारण त्यांनी मानेला बाम लावला होता व खोलीत बामाचा वास येत होता. बाम चोळलेला तोच हात त्यांनी पाण्याकडे नेला. असा हात पाण्यात गेला तर आतले जीव दगावू शकतात, हे त्यांना माहीत असायचे कारण नाही.

त्यावेळी खोलीत कोणीतरी मोठ्याने ओरडले, "हात मागे!"

आवाज कोणाचा हे मला लगेच कळले नाही. मी दाराकडे बघितले. दारात पोलिसांमागून वर आलेल्या काकू होत्या, त्याही इकडेतिकडे बघत होत्या. मग तोच आवाज पुन्हा आला. "हात मागे घे! बाम लागलाय तुझ्या हाताला! मरतील सगळे!" तेव्हा तो पतीचा आवाज आहे हे मी ओळखले. क्रेनवर असताना ते खालच्या माणसांना असे ओरडत असतील. मी कधी ऐकले नव्हते.

हवालदार म्हणाले, "काका, पडून राहा. सरकारी काम आहे." व हात पाण्याच्या आणखी जवळ नेला. त्यावर पतीच्या हातातला पेला नेम धरून फेकल्याने हवालदारांच्या डाव्या कानाला लागला. पाणी गणवेशावर सांडले. पाणी गोडे होते, त्यामुळे डाग राहणार नाही.

त्यावेळी पती पलंगावर उठून बसले होते. पाठीला उशी नव्हती. मी धरलेले नव्हते. एक हात गादीवर टेकलेला होता व दुसरा अजून वरच होता. हवालदारांच्या हे लक्षात आले नसावे, कारण ते कान धरून खाली वाकले होते. साहेबांच्याही आले नसावे. माझ्या आले. पती किती वेळ तसे बसले होते हे मला सांगता येणार नाही. मग ते एका बाजूला कलले. मी जाऊन धरायला हवे होते, परंतु मी बघतच राहिले. काकूंनी जाऊन धरले.

पतीने काकूंकडे बघितले. मला वाटले, आता त्यांना हाकलतील. ते म्हणाले, "खुर्ची घ्या, काकू. दारातून काही दिसत नाही."

काकूंनी खुर्ची घेतली. प्रवाळाकडे बोट करून विचारले, "हे मेलंय की जिवंत आहे?" पती म्हणाले, "दिवा लागला की उघडतं. हात धुतलेत ना?" साहेबांनी मला उद्या ठाण्यात या असे सांगितले, तोपर्यंत पती काकूंना पाणी कसे रुळवतात ते सांगत होते. मध्ये थांबले नाहीत. आज मी इथे आहे व काकू घरी पतीजवळ आहेत.

साहेबांनी मला समजावून सांगितले की सरकारी नोकरावर वस्तू फेकणे हा गुन्हा होतो. तसेच, आजारी माणसाच्या हातून पेला निसटला असे असेल तर विषय इथेच संपतो. मी काल हेच पतीला सांगितले होते. म्हटले, "निसटला म्हणून सांगते. कोणाचं काही जात नाही." ते रागावले. म्हणाले, "निसटायला मी काय लुळा आहे? नेम धरून फेकलाय. खोटं सांगू नकोस." हवालदारांची क्षमा मागायला ते तयार आहेत. घरी आल्यास स्वतःचा जबाबही देतील. दुपारी यावे, सकाळी माशांना खाणे असते.

हा जबाब लिहून घेणारे हवालदार तेच आहेत. त्यांनी मला सर्व मजकूर वाचून दाखवला. त्यात पेला "निसटून" कानाला लागला असे लिहिले होते. मी ते बदलायला सांगितले. हवालदार म्हणाले, "ताई, कशाला? मी आपणहून लिहिलंय ना?" मी म्हटले, "तुमचे उपकार आहेत. पण खोडा." त्यांनी "निसटून" खोडून "नेम धरून फेकल्याने" असे लिहिले. दुरुस्तीशेजारी माझी सही घेतली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे व ते खरे आहे.

सही

माझ्यासमोर. लिहून घेणार हवालदार. कानाला इजा नाही. माझी तक्रार नाही. नळकांडे आज परत दिले.