दादासाठी भिंग

भिंगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझा चुलतभाऊ दत्तादादा आणि मी पोलादपुरात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवतो. गेल्या वर्षी दादाचं सोल्डरिंग चुकायला लागलं. शिसं भलत्याच जागी पडायचं. तेव्हा त्याला घेऊन मी महाडला भिंग बघायला गेलो.

दुकानदाराने आधी डोक्याला बांधायचं भिंग दिलं. दादा सर्किटवर वाकला आणि म्हणाला, "मोठं दिसतंय रे, पण मधलं दिसत नाय."

मग दिवा बसवलेलं भिंग झालं, सगळ्यात जास्त पॉवरचंही झालं. दादाचं उत्तर तेच. शेवटी दुकानदार हळूच म्हणाला, "काका, भिंग राहू द्या. आधी डोळे दाखवा."

तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पडद्याचा मधला भाग खराब झालाय, गेलेली नजर परत येणार नाही. कडेचं तेवढं दिसत राहील.

येताना एसटीत दादा एवढंच बोलला, "घरी तू काय सांगू नको. मी सांगेन."

वहिनी पडवीत वाट बघत होती. "मिळालं काय भिंग?"

"नाय गो. एक पण बरं नव्हतं." दादाने मान जरा बाजूला वळवली होती.

वहिनी म्हणाली, "मग तिकडं काय बघताय? माझ्याकडं बघून बोला की."

"तुझ्याकडंच बघतोय गो," दादा म्हणाला.