गोट्याला न्यायला

देशभर कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या पुण्यातल्या निवाऱ्यात आमच्या कुत्रीला लस द्यायला मी रांगेत बसले होते. माझ्यापुढे काठी टेकत एक आजोबा टेबलापाशी उभे होते. टेबलामागच्या मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आम्रपाली असं नाव होतं.

"माझ्या गोट्याला न्यायला आलोय. मी दोन महिने हॉस्पिटलमध्ये होतो, तेव्हा मुलाने त्याला इथे आणून सोडलं."

"आपलं नाव, आजोबा?"

"दिगंबर परचुरे."

"अहो, पण फॉर्मवर तर मालक वारले असं लिहिलंय."

"अजून तरी नाही."

"सॉरी, आजोबा. यंदा आमच्या दोन शाखा बंद पडल्या, तिथली कुत्रीही इथेच आली. खरंखोटं बघायला माणसंच उरली नाहीत. ज्याने जे लिहिलं, ते आम्ही घेतलं."

"तुमची चूक नाही. गोट्या आहे ना?"

"आहे. अकरा वर्षांचा, त्यात एक डोळा अधू. त्याला न्यायला कोणी तयारच होईना."

"फार बरं झालं."

"आधी आठवडाभर जेवत नव्हता. आता दहीभात खातो."

"दहीभात? घरी तोंड फिरवायचा."

"इथे सही करा. पत्ता फॉर्मवरचाच ना? शनिवार पेठ?"

"नाही, तो मुलाचा. मी कालच धायरीला खोली घेतली. घरमालकिणीला आधी कुत्र्याचं विचारलं, मग पाण्याचं."