नणंदेची डिस्क

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंचा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता.

“मावशी, याला बाहेरून जोडलेली डिस्क कुठंय?” दुकानदाराने विचारलं.

“नणंद घेऊन गेली. लग्नाचे सगळे फोटो त्यात. परत मागितली की रुसते. म्हणते, माझी आठवण तुम्हाला कामापुरतीच येते.”

“त्या डिस्कची नोंद यात तशीच राहिलीय. सुरू होताना हा ती डिस्क शोधतो, सापडेपर्यंत पुढे सरकत नाही.”

“मग आता?”

“असं करून देतो, की डिस्क जोडली की नोंद आपोआप होईल, काढली की आपोआप जाईल. हा कुणासाठी अडणार नाही.”

“थांबा, इतक्यात नको.”

“का हो?”

“आधी नणंदेला बोलावून दाखवते, तुझ्यावाचून आमच्या घरात कॉम्प्युटरसुद्धा सुरू होत नाही. डिस्क घेऊन धावत येईल. मग करा तुमचं आपोआप.”