जोडीतला डावा

— नाही हो, तो विकायचा नाही. चिठ्ठी लावली होती मी त्यावर, पडली असेल, डिंकसुद्धा माझ्याइतकाच जुना झालाय. बाकी दुकानात हात लावाल ते विकायचं आहे, मी बसलोय ते स्टूलही, पण तो वरचा, राखाडी कापडाचा, तो नाही. आणि एकटा स्पीकर नेऊन करणार काय तुम्ही? हे बघा, गेल्या महिन्यात तुम्ही छोटा अ‍ॅम्प्लिफायर नेलात, तेव्हाच ओळखलं मी, या माणसाला नाद लागणार. मास्तर माणूस, पगार बेताचा, घरी दोन खोल्या — बरोबर ना? — अशांसाठीच तर हे दुकान आहे. नव्या चकचकीत मालाच्या चौथाई किमतीत तुम्हाला मी तीस वर्षांपूर्वीची जोडी देतो, जाड लाकडाची, उचलताना कंबर बोलेल अशी. आतल्या पडद्याच्या कडेचा फोम विरलेला असतो, बोट लावलं की भुगा होतो, तो बदलायला एक दुपार पुरते. मी शिकवीन, तुमची तुम्ही बदलाल, आणि मग तेच गाणं, जे तुम्ही शंभरदा ऐकलंत, त्यात मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आहे हे पहिल्यांदा कळेल. तेवढ्यासाठीच करायचं हे सगळं. बाकी अंगठ्याएवढ्या जाड तारा विकत घेणारे येतात माझ्याकडे, त्यांना मी देतो, नाही कशाला म्हणू, पण तुम्ही घेऊ नका. त्या कोपऱ्यातली जोडी बघा. काळी. ऐकवू?

नको. बरं. तोच हवा. काय आहे त्यात एवढं — काय, मोबाइलमध्ये? थांबा, चष्मा पुसतो. हल्लीचे फोटो इतके स्वच्छ असतात की काहीच नीट दिसत नाही.

हं.

असे बरेच असतात हो. म्हणजे — नसतात. खोटं कशाला बोलू, तुम्ही दोन्ही बघताय, एक हातात, एक वर फळीवर. असे जगात दोनच आहेत. स्पीकरला कोट शिवलेला कुठे पाहिलाय तुम्ही? ते कोटाचं कापड आहे मास्तर, अस्सल, हिवाळ्यात घालायच्या कोटाचं. आमचे वडील शिंपी होते. एक नाचाची शाळा बंद पडली, तिथून त्यांनी ही जोडी आणली, शिलाईच्या बदल्यात, आणि तिच्या पुढच्या जाळीचं कापड उंदरांनी खाल्लेलं. वडील म्हणाले, कापडाचंच काम ना, मग त्यात काय. एका गिऱ्हाइकाच्या कोटातून उरलेला तुकडा घेतला आणि असा ताणून शिवला की बघा, अजून एक टाका उसवलेला नाही. माणसाने स्पीकरच्या कापडाच्या बाबतीत करायची सर्वांत मोठी चूक जी, ती त्यांनी इतक्या सुबकपणे केली! त्या जाडीतून बारीक आवाज बाहेरच येत नाही. झांज वाजली की कुणी तरी शेजारच्या खोलीत चमचा ठेवल्यासारखं वाटतं. पण आम्ही दोघं भाऊ त्याच आवाजावर वाढलो ना. मशीनच्या पायांशी बसून. आम्हाला वाटायचं गाणं असंच असतं, उबदार, जरा झोपाळू. पुढे या धंद्यात पडल्यावर कळलं की चुकीचं होतं सगळं. एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी याचं कापड काढून ऐकलं. लख्ख वाजला हो. एकेक तार वेगळी. अर्धं गाणं कसंबसं ऐकलं, मग सुई-दोरा घेऊन बसलो. खालच्या कडेला बघा, ते वाकडे टाके माझे.

कुठे मिळाला तुम्हाला हा? भंगारवाल्याकडे?

ज्याचा होता त्यानेच दिला? स्वतः? म्हणजे — उंच, जरा वाकून चालणारा, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघतो, तो? हातांकडे बघायची त्याला सवय, दुरुस्तीवाल्याची. मी तोंडाकडे बघतो, विकणाऱ्याची. दुकान आम्हा दोघा भावांचं होतं ना हे. तो आत टेबलावर, मी इथे पुढे. तो मेलेलं जिवंत करायचा आणि मी ते खपवायचो, असं आमची आई म्हणायची. कसा आहे? — स्पीकर, स्पीकर विचारतोय मी. खालचे सूर आले की घरघरत तर नाही ना? नाही? मोठ्याने लावून बघितलंत? ढोल असेल, मोठं व्हायोलिन असेल, असं काही लावून? — काही नाही, सहज विचारलं. जुन्या मालात बघावं लागतं.

लेकीकडे राहायला चाललाय म्हणता. बरं झालं. जिने नसतील तिथे. मला कुणी सांगितलं नाही, पण मला सांगायचं कारणही नव्हतं, एकोणीस वर्षं झाली. एकोणीस. नाही, भांडण कसलं? भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडणाला शेवट असतो. वडील गेल्यावर घराची वाटणी केली आम्ही, हसतखेळत केली. खालचा मजला मला, वरचा त्याला, मशीन त्याला, कपाट मला, दोघी जावांनी भांडी तर अशी वाटली की शेवटचा चमचा एकमेकींच्या हातात कोंबत होत्या. मग राहिली ही जोडी. शहाण्या माणसांनी काय केलं असतं? एकाने ठेवली असती. आम्ही एकेक घेतला. वाटणी म्हणजे वाटणी. शेजारचे हसले आम्हाला, अहो चपलांची जोडी वाटून घेतलीत का, म्हणाले. कल्पना माझीच. मला वाटलं, आठ दिवसांत येईल खाली, दादा, घे हा पण, किंवा दे तो पण. ऐकल्याशिवाय राहायचाच नाही तो.

आता एका स्पीकरवर गाणं ऐकून बघा कधी. जुन्या रेकॉर्डी अशा, की गाणारा एकीकडे आणि वाजवणारे दुसरीकडे. माझ्याकडे नुसतं वाजायचं. तासन्‌तास साथ चाललीय आणि माणूसच नाही, लग्नात नवरा पळून गेल्यासारखं. तुम्ही म्हणाल, तार बदलायची. बदलली की. गाणारा आला आणि वाजवणारे गेले. तुम्ही म्हणाल, दोन्ही बाजू एकत्र करणारं बटण असतं. असतं, मीच लोकांना शिकवतो, पण त्याने सगळे एकाच रिक्षात कोंबल्यासारखे वाटतात. आणि मजा ऐका, दुसरी जोडी लावायला मला कोण अडवत होतं? चाळीस जोड्या आहेत इथे. आमची ही म्हणते, दुकानभर स्पीकर आणि घरी अर्धं गाणं. खरंय तिचं. वरच्या मजल्यावर पण अर्धंच वाजायचं. सहा महिने ऐकू यायचं मला, छतातून. मग त्याने वरचा मजला विकला आणि गेला.

एक बोलू का? तुमचा तो मला देऊन टाका. त्या काळ्या जोडीशी बदला, वर रेकॉर्ड प्लेअर देतो, सुई नवी घालून. नाही, नाही, ऐकून घ्या, असा सौदा मी सख्ख्या — मी कुणाशीच केलेला नाही. तुमच्या दोन खोल्यांत काळी जोडीच जास्त शोभेल, आवाजही स्वच्छ, कोटबीट काही नाही.

का नाही?

शब्द दिलाय? कुणाला?

असं म्हणाला. "दुसरा माझ्या भावाकडे आहे, मागून घे, पण हा त्याला द्यायचा नाही." दुकान तुम्हाला माहीत, तरी पत्ताही त्यानेच दिला म्हणजे. कागदावर लिहून? बघू. नको, राहू दे, अक्षर ओळखतो मी त्याचं. बघा मास्तर, आयुष्यभर सौदे मी केले आणि हा आत टेबलावर बसून तारांना कथलाचे डाग देत होता, आणि शेवटी डाव कसा मांडलाय त्याने. जोडी होणार, पण हात मीच उघडायचा. तो नाही खाली यायचा. मीच वर जायचं.

आणि आहे त्याचं बरोबर. बसा तुम्ही, ते खोकं पुढे ओढा आणि बसा, उभे राहिलात की मला घाई होते. वाटणीच्या आदल्या दिवशी तो बाहेर होता, आणि मी सामान हलवत होतो, एकटाच, मस्तीत. उजवा हातातून सुटला. पायरीच्या कडेवर. वरून ओरखडासुद्धा नाही, कोट जाड होता ना. पण मागचं लोहचुंबक केसभर सरकलं की आतली कॉइल घासायला लागते, ती काही दिसत नाही. हळू वाजवा, गोड. जरा वाढवा, की घरर्र. मी वाजवून बघितलं, मला कळलं, आणि मी तो फडक्याने पुसून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, तू धाकटा, उजवा तू घे, तुला उजवीकडेच बसायची सवय. आईच्या डोळ्यांत पाणी आलं हो, केवढं मन थोरल्याचं म्हणून. का केलं असं? विचारू नका. मलाच माहीत नाही. त्याला सांगितलं असतं तर एका संध्याकाळात त्याने तो सरळ केला असता, शीळ घालत. पण विकणाऱ्याचा हात असा असतो, खराब बाजू आपोआप भिंतीकडे फिरवतो. गिऱ्हाईक समोर आहे की भाऊ, हे हाताला कळत नाही.

मग? मग काय, तिसऱ्या दिवशी सकाळी आला दुकानात. टेबलाशी बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "दादा, उजवा घासतो." बघा, तेव्हासुद्धा मला जागा होती. पडला रे माझ्या हातून, एवढं म्हणायचं होतं. मी समोरच्या गिऱ्हाइकाला बिल देत होतो, आणि वर न बघता म्हणालो, "जुना माल आहे, एवढं चालायचंच." हजारो वेळा म्हटलेलं वाक्य आहे ते. तोंडातच असतं. त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली. मग म्हणाला, "मलाही?" एवढंच. किल्ली ठेवली टेबलावर. पुढे लिफ्टच्या कंपनीत लागला म्हणे, तिथेही नाव काढलं.

आता तुम्ही म्हणताय घरघर नाही, म्हणजे त्याने केला सरळ. कधीच केला असेल. आठ दिवसांतच. आणि एकोणीस वर्षं चांगला स्पीकर घेऊन बसला तिकडे, आणि मी इकडे रोज वर बघून मनात म्हणतोय, त्याच्याकडे बिघडलेला आहे. दमलो हो मी. खरंच दमलो. हे दुकान, ही धूळ, हे फोम, आणि वर तो.

शिडी धरा. नाही, मीच चढतो, तुम्ही नुसती धरा. खालून हात घाला, कापडाला ओढू नका — हां, आता तुमच्याकडे. जड आहे ना? सांगितलं होतं. आणि ऐका, तारा जोडताना लाल ती लाल, काळी ती काळी, एक उलटी झाली की दोघं एकमेकांचा आवाज खातात. आमच्यासारखे. कापड काढायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, तुमची जोडी आहे आता. काढलंत तर चांगलंच वाजतील, हे मी दुकानदार म्हणून सांगतो.

किती? काही नको. — थांबा, असं नको, फुकट दिला म्हटल्यावर तो काहीतरी तिसरंच समजेल. द्या काहीतरी. एवढे नको, त्याच्या निम्मे. आणि त्याने विचारलं तर सांगा, फार घासाघीस केली, सोडतच नव्हता, शेवटी महागच पडला. त्याला बरं वाटेल.

तो ऐकायला येणार आहे तुमच्याकडे? येत्या रविवारी? असं. नाही, मला नका बोलावू. रविवारी दुकान उघडं असतं. नाही हो, आग्रह नको. मी तिथे येऊन बसणार, तो तिथे बसणार, मधे तुमचा चहा, आणि समोर ते दोघं वाजणार. कुठे बघायचं मी? तोंडाकडे? — आणि ते पडल्याचं, त्यातलं काही बोलू नका. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. तुम्हाला आज उगाच कळलं.

चला, निघा आता, रिक्षा मिळेपर्यंत खाली ठेवू नका. तुमच्या मागे बाई उभ्या आहेत केव्हाच्या.

या. बोला ना. हा रेडिओ? इथलाच आहे, मीच दिला होता गेल्या वर्षी. खरखरतो? हो, असं आहे बाई, जु —

द्या इकडे. बसा. उघडून बघतो.