खारीचं पुढे काय झालं

शाळेतल्या बाईंच्या पत्राला म्हाताऱ्या लेखकाने उत्तर दिलंच नव्हतं. ‘तुमच्या गोष्टीतल्या खारीचं पुढे काय होतं? मुलं रोज विचारतात.’ त्याला शेवट कधी जमलाच नव्हता. आज पोस्टाच्या रांगेत त्याच्यापुढे दोघी जावा बोलत होत्या.

“बाईंनी ती खारीची गोष्ट सांगितल्यापासून पोरगी अंगणातलं झाड तोडू देईना.”

“शेजाऱ्यानेच पढवलं असेल बाईंना. फुकटची सावली त्यालाच मिळते ना!”

“तेच म्हणते मी, जाऊबाई. कुठेतरी पाणी मुरतंय.”

“मग तोडणाऱ्याला परत पाठवलंस?”

“पोरगी रडली. म्हणाली, गोष्ट संपेपर्यंत थांब.”

“आणि संपली की?”

“दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड.”

त्याने कार्ड घेतलं, तिथेच लिहिलं, ‘बाई, गोष्ट अजून पुष्कळ बाकी आहे,’ आणि पेटीत टाकलं.