मावशीचा हिरवा पाला

सांगितलं तर खोटं वाटेल तुम्हाला, पण मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. ऐंशी सालाच्या सुमारास मुंबईच्या कलपानं आमच्या ह्यांचं तोंड सुजलं होतं. म्हणून लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नाटे गावाहून आलेल्या ह्यांच्या मावशीनं त्यांचं डोकं ताब्यात घेतलं. आधी मेंदी लावली, ती धुऊन वर निळीचा पाला वाटून थापला. डोकं धुतलं, तर केस चक्क हिरवे!

"मावशी, उद्या कन्यादान करायचंय मला!"

"दम धर मेल्या, वारा लागू दे."

हे पडवीत बसले आणि आम्ही बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत तो हिरवा रंग आपोआप काळाभोर झाला.

ह्यांनी हळूच विचारलं, "मग उरलेल्या कलपाचं काय करू?"

"तुझी छत्री विटलीय ना? तिला लाव."