बाहुलीच्या गालावरचा चहा

फ्रेमवाल्याच्या दुकानात रांग होती. मास्तरीणबाई आपल्या निरोपसमारंभाचा फोटो छातीशी धरून उभ्या होत्या. कान मात्र पुढच्या दोघी बहिणींकडे होते.

"संग्रहालयातल्या जुन्या बाहुल्यांची चित्रं काढायची, एवढंच ना तुझं काम?"

"हो ताई. पण नादात ब्रश पाण्याऐवजी चहाच्या कपात बुडवला. चित्रातल्या बाहुलीच्या गालावर डाग पडला."

"मग सांगायचं की त्यांना!"

"सांगणारच होते. तेवढ्यात एका प्राध्यापकांनी त्या डागावर अकरा पानं लिहिली. म्हणे, ही सासुरवाशिणीच्या दुःखाची खूण."

"अगं बाई! आणि खऱ्या बाहुलीला डागच नाही?"

"नाही ना. प्राध्यापक ती बघायला येणार म्हटल्यावर आमच्या साहेबांचं धाबं दणाणलं. म्हणाले, बाहुलीलाच चहा लावा."

"लावलास?"

"लावला की! नोकरीचा प्रश्न होता."

"चला, मिटलं म्हणजे."

"कुठलं मिटतंय! चहा साखरेचा होता. प्राध्यापक आले तेव्हा गालावर मुंग्यांची रांग."

"बोंबला! काय म्हणाले?"

"डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, मुंग्यांसकट नवं चित्र काढा."

तेवढ्यात बहिणींचा नंबर आला. फ्रेमवाल्याने चित्र उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि टिचकी मारायला बोट उचललं.

"बाई, रांग सोडून एक मुंगी कागदाच्या कोपऱ्यात आली आहे. काच बसवण्याआधी उडवतो."

"खबरदार हात लावाल तर! तिच्या एकटीवर आठ पानं झालीत!"